जाळीत अडकलेलं गाव

एसी बसवायला आलेली पोरं भिंतीला आरपार भोक पाडतात, तांब्याच्या नळ्या बाहेर काढतात, गच्चीवर एक जड डबा ठेवतात, रिमोट घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या हातात देतात आणि निघताना, पायात चपला सरकवत, सांगतात, "काका, पंधरा दिवसाला जाळी तेवढी धूत जा." हे वाक्य घरात कुणीच ऐकत नाही. त्या वेळी सगळं घर यंत्राखाली तोंड वर करून उभं असतं आणि पहिल्या गार झुळकेवर आपापलं मत देत असतं. वॉरंटीचं कार्ड कपाटात जातं, माहितीपुस्तिका त्याच्याही खाली जाते, आणि जाळी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणाला आठवत नाही.

मराठवाड्यातल्या आमच्या मुखेडात एसी घरोघरी दिसायला लागून फार काळ झालेला नाही. पूर्वी एसी म्हटलं की बँकेची शाखा, एखादा दवाखाना, नाहीतर एटीएमची खोली. आत पैसे नाहीत हे दारावरच्या कागदावरून कळलेलं असायचं, तरी माणसं दोन मिनिटं आत थांबून यायची. आता नव्या वसाहतीतून मे महिन्याच्या दुपारी चाललं की गच्चीगच्चीवरून घरघर ऐकू येते आणि अंगावर गरम वाफारा येतो. आपल्या खोलीतली उष्णता उचलून गल्लीत नेऊन टाकायची, एवढंच या यंत्राचं काम. घरातला कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटला तर भांडण होतं, घरातला उन्हाळा लोटला तर शेजारी विचारतो, "सर, कितीला बसला? आम्हाला बी घ्यायचाय."

गारवा विकत आणायची वेळ आमच्यावर तशी उशिराच आली. कारण आम्ही माळवदाखाली राहत होतो. दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याच्या तोंडाला त्या थरावर पांढरी माती पसरायची, तुडवून बसवायची. तरी मृगात कुठे ना कुठे गळायचंच, आणि मग घरभर पातेली, तांबे, परात मांडून ठेवायची. पण मे महिन्यात त्या घरात जो गारवा असायचा तो फुकट होता. दिवसभराचं ऊन मातीच्या थरातून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि संध्याकाळी तर आम्ही सगळे वर माळवदावर झोपायला गेलेलो असायचो. दगड-मातीला तापायला वेळ लागतो, हे मुखेडात कुणाला शिकवावं लागत नाही. दशरथेश्वराच्या जुन्या दगडी मंदिरात भर दुपारी जाऊन टेकलं की पाठीला ते आपोआप कळतं.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकती झोपली होती आणि चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली. धक्का आमच्यापर्यंतही आला. तिकडे लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी त्याच रुंद भिंतींखाली आणि त्याच मातीच्या ओझ्याखाली गेली, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना उन्हातून वाचवलं होतं. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली डोळा लागेना. ज्यांना जमलं त्यांनी वरची माती उतरवून पत्रे टाकले, ज्यांना आणखी जमलं त्यांनी स्लॅब ओतला. त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. फक्त स्लॅबचा स्वभाव माळवदाच्या उलटा. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री, आपण झोपल्यावर, सावकाश खाली सोडतो. पत्रा तेवढाही धीर धरत नाही. तेव्हा मराठवाड्यातल्या एसीच्या खपाला पगारवाढ आणि वाढतं ऊन जितकं कारणीभूत आहे, तितकीच ती पहाटही आहे, असं मला वाटतं. दुकानदाराला हे पटणार नाही. त्याच्या मते कारण शून्य टक्के व्याजाचे हप्ते.

आधी अर्थात कूलर आला. पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, आत पाण्याची मोटर. कूलर आमच्या हवेला अगदी मानवणारं यंत्र, कारण मुखेडचा उन्हाळा कोरडाठाक, आणि हवा कोरडी असेल तेवढं पाणी लवकर उडतं आणि गारवा चांगला होतो. अडचण एकच, त्याला पाणी लागतं. ज्या गावात नळ कधी येणार याची चौकशी नवरदेवाच्या वरातीपेक्षा जास्त होते, तिथे एक पेटी दिवसाला बादल्याच्या बादल्या पिते हे बायकांना कधी सहन झालं नाही. एसीला पाणी लागत नाही, उलट तोच नळीतून थेंबथेंब पाणी बाहेर सोडतो, यावर आमच्या घरात एसी मंजूर झाला. विजेचा विषय त्या बैठकीत निघालाच नाही. नंतर कळलं ते असं: पाण्याचं वेळापत्रक एक, लाईटीचं वेळापत्रक दुसरं, आणि आपण कुठल्या वेळापत्रकावर विसंबून गार व्हायचं एवढंच आपल्या हाती आहे.

एसी लावताना पहिली गोष्ट आपण करतो ती खिडक्या बंद करण्याची. दाराखालच्या फटीला पायपुसणं लावतो. पोरांना "दार लाव!" म्हणून ओरडतो. हळूहळू अशी समजूत होते की बाहेर धुळीचं, उन्हाचं, मोटारसायकलींच्या हॉर्नचं मुखेड आहे आणि आत वेगळाच कुठला तरी स्वच्छ मुलूख आहे. शिवाय बऱ्याच जणांना वाटतं की गच्चीवरचा डबा बाहेरची हवा ओढतो, थंड करतो आणि आत पाठवतो. तसं काही होत नाही. मॉलमध्ये छतातून पत्र्याचे मोठाले बोगदे फिरवलेले असतात, त्यांतून थोडीफार बाहेरची हवा आणता येते. आपल्या भिंतीवरच्या यंत्राला तसला बोगदा नाही. भोकातून जातात त्या दोन नळ्या, एक वायर आणि पाण्याचा पाईप. हवा खोलीतलीच, तीच ती. यंत्र ती डोक्यावरून आत ओढतं, जाळीतून आणि गार नळ्यांवरून नेतं आणि खालच्या पट्ट्यांमधून परत आपल्याच अंगावर सोडतं. म्हणजे जाळीत जे काही सापडेल ते आपलंच. त्याचा आळ नगरपालिकेवर घालता येत नाही.

जाळी पहिल्यांदा बाहेर काढतात तो प्रसंग प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने सारखाच होतो. आधी भिंतीवरचं बटण बंद करायचं. नुसतं रिमोटवर बंद करून भागत नाही. मग उंच स्टूल. स्टुलावर घरातला कर्ता पुरुष, खाली स्टूल धरायला मुलगा, आणि सूचना द्यायला बाकी सगळे. समोरचं प्लास्टिकचं झाकण दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं असतं, आणि ते उचलताना असा काही कडकड आवाज होतो की खालून एकमुखाने, "मोडलं!" झाकण मोडत नाही, ते तसंच उघडतं, पण ही खात्री वरच्या माणसालाही नसते. त्याच्यामागे दोन पातळ जाळ्या, डावी आणि उजवी. खालची कड जरा वर दाबून ओढली की त्या सुटतात. त्या आडव्या धरूनच खाली आणायच्या. उभ्या केल्या की जे काय साठलंय ते थेट गादीवर. आमच्याकडे गादीवर आधीच जुनं लुगडं अंथरलेलं होतं. आई वर्षानुवर्षं माळवदाखाली राहिलेली. वरून काही ना काही पडतंच, हे ती धरूनच चालते.

"काय करलालाव रे वर?" तिने विचारलं. आणि जाळी खाली आल्यावर बराच वेळ बघून, "आरं, एवढं आपण खोलीत घेऊन झोपतो व्हय?"

मला अपेक्षा होती काळ्या मातीची. आमच्या तालुक्याची माती काळी, चिकट, पावसात चप्पल काढून घेणारी आणि उन्हाळ्यात नांगरटीनंतर वावटळीबरोबर गावभर फिरणारी. पण जाळीवर जो थर निघाला तो राखाडी, मऊ, सलग. एका टोकाला धरून उचलला तर अख्खा उचलून येईल असा. कारण घरातल्या धुळीत कापडाचा वाटा बराच असतो. सुती चादरी, गोधड्या, टॉवेल, बनियनी, सगळं थोडं थोडं झडत असतं आणि त्याचे तंतू एकमेकांत गुंततात. त्या गुंत्यात मग बाकीचं गाव येऊन बसतं. बोट फिरवत गेलो तर ओळख पटत गेली. काळ्या मातीची भुकटी होतीच, कपड्यांच्या घडीतून आणि पोरांच्या पायांनी आलेली. पिठाचे पांढरे कण होते, कारण दळणाचा डबा आणला की आमच्याकडे तो खोलीच्या दारातच टेकवतात. आईच्या सकाळच्या उदबत्तीची राख होती. मळणीच्या दिवसांत रस्त्यावरून सोयाबीन नाहीतर तुरीचा भुसा उडतो, तो कसा कोण जाणे खिडक्या बंद असूनही आला होता. लांब केस होते, आखूड केस होते, आणि काही पांढरे केस होते ज्यांच्यावर कुणी हक्क सांगितला नाही. ज्या घरांत एसीची खोली आणि स्वयंपाकघर शेजारी, तिथे आणखी एक गोष्ट होते: फोडणीच्या तेलाचा अदृश्य धूर त्या थरावर बसतो आणि त्याला चिकट करून टाकतो. मग नुसत्या पाण्याने भागत नाही.

जाळीवरचा थर पाहून माणूस आधी घाबरतो आणि मग सुखावतो. एवढी घाण जाळीने अडवली, म्हणजे आपल्या छातीत जायची वाचली! हा आनंद मी घरच्यांना बराच वेळ उपभोगू दिला. खरं सांगायचं तर ही जाळी आपल्या छातीसाठी बसवलेलीच नाही. तिची भोकं डोळ्यांना दिसतात एवढी मोठी. धूर, गाड्यांची काजळी, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण, म्हणजे जे छातीला खरे बाधतात, ते त्यातून आरामात जातात. जाळी आहे ती मागच्या नळ्यांसाठी. त्या नळ्यांना अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे दाटीवाटीने लावलेले असतात, आणि त्यांच्या फटींत तंतू शिरले की ते काढायला मेकॅनिकच बोलवावा लागतो. थोडक्यात, यंत्राने स्वतःच्या नाकाला फडकं बांधलं आहे, आणि आपण समजतो की ते आपल्यासाठी.

आता हे फडकं गच्च झालं तर काय होतं, हा खरा गमतीचा भाग. हवा कमी आत येते. आतल्या नळ्या एरवी गोठणबिंदूच्या थोड्या वर असतात. पुरेशी गरम हवा त्यांच्यावरून गेली नाही की त्या शून्याच्या खाली उतरतात, आणि हवेतल्या ओलाव्याचा त्यांच्यावर बर्फ धरायला लागतो. बर्फ धरला की उरलीसुरली वाटही बंद. बाहेर ४३ अंश, खोलीत घाम, आणि यंत्राच्या पोटात बर्फ. बर्फ वितळला की पाणी नळीऐवजी भिंतीवरून येतं, रंगाचे पोपडे निघतात आणि घरात पुन्हा एकदा परात मांडली जाते. माळवद गेलं, गळती राहिली.

अशा वेळी मेकॅनिकला फोन केला तर तो झाकण न उघडता, दारातूनच सांगतो, "गॅस कमी झालाय." सगळेच मेकॅनिक असं म्हणतात असं नाही, पण हे वाक्य मराठवाड्यात फार लोकप्रिय आहे. एसीतला गॅस म्हणजे स्वयंपाकाचा सिलिंडर नव्हे, की वापरला आणि संपला. आजच्या बहुतेक घरगुती एसीत आर-३२ नावाचा वायू असतो, तो बंद नळ्यांत गोल गोल फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. नळी कुठे फुटली, जोड सैल झाला, तरच तो जातो. आणि तसं झालं असेल तर आधी भोक बुजवायला हवं, नुसता भरून काय उपयोग? म्हणून फोन लावण्याआधी स्टूल लावावा. पुष्कळदा दुखणं जाळीतच असतं. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की मळलेली जाळी काढून स्वच्छ जाळी घातली तर एसीला लागणारी वीज ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकते. हा आकडा मी घरात मुद्दाम मोठ्याने वाचला. महावितरणच्या बिलाशी ज्याचा संबंध लागतो, असं विज्ञान आमच्याकडे चटकन समजतं.

बर्फावरून आठवलं. दीड टनाचा एसी घेतला म्हणजे दीड टन वजनाचं काहीतरी गच्चीवर चढवलं, असा समज करून घेऊन आमचे एक नातेवाईक स्लॅब तपासायला आले होते. तो टन वजनाचा खरा, पण बर्फाच्या वजनाचा. एक टन बर्फ, तोही अमेरिकेचा लहान टन, म्हणजे ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून काढणारं यंत्र ते एक टनाचं. जुन्या काळी गारवा म्हणजे बर्फच, म्हणून मापही बर्फाचं राहिलं. आणि तो बर्फ तरी कुठून यायचा? बोस्टनच्या बाजूच्या तळ्यांवरून कापलेल्या लाद्या, भुशात गुंडाळून, जहाजाने. १८३३ साली असं पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं. पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना मेजवानीत आईस्क्रीम खाऊ घातलं आणि त्यानंतर यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी हकिगत सांगतात. एसीच्या खोलीत झोपून सकाळी शिंकत उठणाऱ्या प्रत्येकाने ही परंपरा किती जुनी आहे हे लक्षात ठेवावं. दीड टनाच्या हिशेबाने आमच्या खोलीत रोज साडेतेराशे किलो बर्फाचं काम होऊ शकतं. रसवंतीवाल्याकडे गोणपाटात गुंडाळून येणारी लादी डोळ्यापुढे आणली, तर आमच्या नातेवाइकांची स्लॅबविषयीची काळजी अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

धुण्याची कृती सोपी, आणि म्हणूनच तिच्यावर घरात सगळ्यांची मतं आहेत. आधी जाळी अंगणात नेऊन हलक्या हाताने झटकायची किंवा मऊ ब्रशने कोरडाच थर ओढून काढायचा. आधीच पाणी ओतलं तर तंतूंचा लगदा होतो आणि भोकाभोकांत बसतो. मग पाणी, पण पाठीमागून. ज्या बाजूला धूळ चिकटली आहे त्याच बाजूने पाण्याचा मारा केला तर ती आणखी आत जाते. उलट बाजूने सोडलं तर बाहेर पडते. चिकट असेल तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना दात घासायचा ब्रश, आणि घासण्यात कढई घासण्याचा आवेश नको. पाणी साधंच, कढत नको, प्लास्टिकची चौकट वाकडी होते. पाण्याचं म्हणाल तर अर्धी बादली पुरते, आणि ती अर्धी बादली एसीनेच गाळलेली असेल तर घरातल्या पाणी-खात्याची परवानगीही लागत नाही. मात्र मे महिन्यातल्या कोरड्या हवेत त्या नळीखाली जेमतेम तांब्याभर जमतं, आणि जुलैत, पाऊस पडत असताना, बादली भरून वाहते. गरज आणि पुरवठा यांचं हे नातं मराठवाड्याला नवीन नाही.

काही यंत्रांत मोठ्या जाळीच्या पाठीशी आणखी एखादी बोटभर पट्टी खोचलेली असते, वासासाठी नाहीतर बारीक कणांसाठी. ती धुवायची की नाही ते कपाटातल्या पुस्तिकेत बघावं. पुष्कळ पट्ट्या पाणी लागलं की कामातून जातात.

सगळ्यात कठीण पायरी वाळवण्याची. पुस्तिका म्हणते, सावलीत वाळवा, उन्हात ठेवू नका. आता मुखेडच्या बाईला चैत्र-वैशाखात सावलीत वाळवा म्हणून सांगणं म्हणजे तिच्या सबंध विद्येवर अविश्वास दाखवणं. त्या दिवसांत गच्चीवर तसूभर जागा मोकळी नसते. कुरडया, पापड, शेवया, सांडगे, वर्षाची मिरची, हळकुंडं. ज्याला ज्याला टिकायचं आहे त्याला आमच्याकडे ऊन दाखवतात. लहान मूलसुद्धा कोवळ्या उन्हात ठेवतात. असं असताना जाळीलाच काय एवढं सोनं लागलंय? आमच्या घरी जाळी पहिल्यांदा गच्चीवर कुरडयांच्या शेजारी नेऊन ठेवली गेली. मी ती उचलून जिन्याखाली आणली. थोड्या वेळाने ती पुन्हा वर. मी पुन्हा खाली.

"अहो, ओली राहिली तर बुरशी धरंल की," सौभाग्यवती म्हणाली.

"उन्हात वाकडी होईल. वाकडी झाली की खाचेत बसत नाही. मग फटीतून धूळ आत जाते."

"पापड कुठं वाकडे होतेत?"

"पापड खाचेत बसवायचे नसतात."

या वादात आईने निकाल दिला. तिने जिन्याखाली हात लावून पाहिलं तर जाळी तोपर्यंत कोरडी झालेली होती. मुखेडच्या उन्हाळ्यात सावलीतसुद्धा ओल तग धरत नाही, हे आम्ही दोघेही वादाच्या भरात विसरलो होतो. बुरशीची भीती खरी आहे, पण ती श्रावणातली.

आता ही कामगिरी कुणाची, हा प्रश्न. पंखा पुसणं, माठ घासणं, देवघर आवरणं, या सगळ्यांच्या वाटण्या घरात पूर्वीच झालेल्या आहेत. एसी नंतर आला, म्हणून तो कुणाच्या वाट्याला आला नाही. नवरात्रात घट बसायच्या आधी आमच्याकडे घर आतून-बाहेरून धुऊन निघतं, वाकळा-गोधड्यांपासून फडताळातल्या डब्यांपर्यंत. पण त्या सफाईत एसी धुणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. त्याचा हंगाम फाल्गुनात सुरू होतो आणि मृग नीट लागला की संपतो. घराबाहेरही हेच. नांदेड-लातूरला परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांसाठी ठिकठिकाणी अभ्यासिका निघाल्या आहेत. दारावर ठळक अक्षरांत 'ए.सी.' लिहिलेलं असतं. आमचा पुतण्या अशाच एकीत बसतो. तिथली जाळी कोण धुतं, असं विचारलं तर म्हणाला, "काका, तिथं जाळी असते?" पोरगा डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलाय, फुप्फुसाची आकृती डोळे मिटून काढतो. वर्गणी सगळे भरतात, रिमोटसाठी सगळे भांडतात, स्टुलावर कुणी चढत नाही. रिमोटचं भांडण तसं घरीही आहे. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर लागतील असा नियम आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा तो विचार चांगला होता, पण त्या ब्यूरोला आमची नातवंडं माहीत नाहीत. ती १६ वर नेतात, मी झोपेत उठून २६ वर आणतो आणि पंखा लावतो.

तरी एसीचं एक देणं मान्य करावं लागतं. उन्हाळ्यात पूर्वी सगळं घर माळवदावर एका रांगेत झोपायचं. स्लॅब आला, खोल्या वेगळ्या झाल्या, ज्याची त्याची दारं लागायला लागली. एसी एकाच खोलीत परवडतो, म्हणून मे महिन्यात सगळं घर पुन्हा एका रांगेत जमिनीवर गाद्या टाकून आलं आहे. त्याच त्या आत्या, मामी, भाचरं, तेच अर्ध्या रात्रीपर्यंतचं बोलणं. चांदण्या तेवढ्या दिसत नाहीत, त्यांच्या जागी यंत्रावर हिरवा आकडा दिसतो. जेवढी माणसं वाढतात तेवढे तंतू वाढतात, आणि जाळी पंधरा दिवसांच्या आतच भरते.

पंधरा दिवस लक्षात कसे ठेवायचे, याचा उपाय आईने काढला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आमच्याकडे सिलिंडर लावल्याची तारीख, दुधाचे खाडे आणि नळ आल्याचे दिवस लिहिलेले असतात. त्यात आणखी एक नोंद कुणी वाचली नसती. "एकादशीला धूत जा," ती म्हणाली. "मला उपास आसतो, मी काही इसरत नाही. तुला भगर खाताना आठवंल." महिन्याला दोन एकादश्या, शुद्ध आणि वद्य, दोन्हींत जवळपास बरोबर पंधरवड्याचं अंतर. पुस्तिका लिहिणाऱ्या कंपनीच्या माणसाला हे सुचलं असतं तर सबंध महाराष्ट्राच्या जाळ्या आज स्वच्छ असत्या. शेजारच्यांनीही हीच पद्धत उचलली आहे. त्यांच्याकडे उपास कुणी करत नाही, त्यामुळे एकादशी कधी आहे ते विचारायला ते आमच्याकडे येतात आणि जाता जाता आमचा स्टूल घेऊन जातात.

यंदा तर या हिशेबाला आणखी जोर आला आहे. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आला, १७ मे ते १५ जून. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावई. एरवी दिवाळीच्या आसपास येणारे जावईबापू यंदा ऐन उन्हाळ्यात सासुरवाडीला येणार, पुरणाचे धोंडे खाणार, अनारशांचं वाण घेणार आणि दुपारी गार खोलीत आडवे होणार. ते पुण्याला एका एसीच्या कंपनीत नोकरीला आहेत. सौभाग्यवतीने अनारशांचे तांदूळ भिजत घालायच्याही आधी मला स्टूल आणायला सांगितलं. तो शेजाऱ्यांकडे होता.